दोन्ही घरचा पाहुणा



पोस्ट मोठी आहे, चहा घेऊनच बसा. पण शेवटपर्यंत वाचा. नगरपरिषदेची अंदाजपत्रकाची सभा तोंडावर आली आहे आणि मी ज्याबद्दल लिहितोय ते त्या सभेच्या विषयपत्रिकेवर नाही.

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळी घंटागाडी गल्लीत आली. मी दोन्ही बादल्या घेऊन खाली गेलो आणि काखेत एक उडालेली ट्यूबलाइट होती. ती मी सुक्या कचऱ्याच्या बाजूला दिली. गाडीवरच्या मावशींनी ती वर ओढली, पत्र्याच्या कडेला लागली आणि फट्‌कन फुटली. काचेचा तुकडा त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी घुसला. पांढरी भुकटी पदरावर, तोंडावर. हातात मोजे नव्हते. मी घरातून पाणी आणि कापूस आणला. समोरच्या दवाखान्यात दोन टाके पडले.

मी म्हटलं, "मावशी, माझंच चुकलं. ही वेगळी द्यायला हवी होती."

त्या म्हणाल्या, "वेगळी दिली असती तरी टाकली असती कुठं दादा? गाडीला कप्पे दोनच."

वीस वर्षं मी नगरपरिषद 'कव्हर' करतोय. ओला-सुका यावर किती बातम्या दिल्या त्याचा हिशोब नाही. आणि या एका वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून जुनी कात्रणं, राजपत्रं, नियम, जिल्ह्याचा आराखडा असं सगळं काढून बसलो. जे समजलं ते इथे मांडतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तुमच्या गावातही बहुतेक हेच असेल.

*आधी थोडं लहानपणाचं*

माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. घरात दोन सेलची बॅटरी असायची, म्हणजे टॉर्च. सेल उतरले की आई ते पत्र्यावर उन्हात ठेवायची, पुन्हा दोन दिवस चालायचे. अगदीच संपले की आम्हा पोरांच्या ताब्यात. दगडाने फोडायचे, आतली काळी कांडी काढायची आणि भिंतीवर रेघोट्या मारायच्या. हात काळेकुट्ट. थर्मामीटर फुटला की पाऱ्याचे मणी तळहातावर फिरवायचे. तो पारा शेवटी फरशीच्या फटीत जायचा. 'घातक कचरा' हा शब्द आमच्या घरात कुणाला माहीत नव्हता.

ते लाल सेल बहुतेक घरांत 'एव्हरेडी'चे असायचे. त्या सेलसाठीच भारतात घराघरात पोचलेल्या कंपनीचं नाव होतं युनियन कार्बाइड इंडिया. हीच कंपनी भोपाळमध्ये कीटकनाशकं बनवत होती. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री तिथून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसं मेली. आपल्या देशात घातक रसायनांबद्दलचा कायदा खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतो.

१९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्या कायद्याखाली २८ जुलै १९८९ ला घातक कचऱ्याचे पहिले नियम निघाले. कचऱ्याचे १८ वर्ग पाडले गेले. कारखानदाराने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून परवानगी घ्यायची, कचरा सुरक्षित ठेवायचा, आणि राज्य सरकारने त्याची विल्हेवाट लावायच्या जागा शोधून त्यांची यादी प्रसिद्ध करायची, असा तो सगळा बेत.

या बेतात नगरपालिका जवळजवळ कुठेच नव्हती. त्याला कारणही होतं. आपल्याकडे एमआयडीसी १९६२ ची. कारखाने गावाबाहेर, वसाहतीत. तिथले रस्ते, पाणी, गटार बघणारं महामंडळ वेगळं. प्रदूषण बघणारं मंडळ १९७० चं, ते वेगळं. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने गावाला झाडलोट, दिवाबत्ती, गटारं आणि उपद्रवी किंवा धोकादायक धंद्यांवर नजर ठेवणं एवढं काम दिलं होतं. घातक म्हणजे कारखान्याचं आणि कारखाना म्हणजे मंडळाचं, अशी समजूत तेव्हाच पक्की झाली. आजही कुठल्याही नगरपरिषदेत या विषयावर विचारून बघा. पहिलं उत्तर हेच मिळतं, "ते एमपीसीबीला विचारा."

*दोन याचिका, दोन वाटा*

१९९० च्या दशकात सुप्रीम कोर्टात दोन मोठी प्रकरणं उभी राहिली. एक १९९५ चं, घातक कचऱ्याचं. परदेशातून भारतात येणारा विषारी माल आणि इथल्या कारखान्यांचा कचरा याविषयी. त्यात १९९७ मध्ये शास्त्रज्ञ एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली गेली आणि १४ ऑक्टोबर २००३ ला कोर्टाने सविस्तर आदेश दिले.

दुसरं प्रकरण १९९६ चं, अलमित्रा पटेल यांचं. हे शहरांच्या रोजच्या कचऱ्याचं. त्यातून २००० साली नागरी घनकचऱ्याचे नियम आले. ३१ डिसेंबर २००३ पर्यंत प्रत्येक नगरपालिकेने कचऱ्यावर प्रक्रिया करायची सोय उभी करायची, अशी मुदत होती. आमच्या गावाने ती मुदत कशी पाळली हे डेपोच्या बाजूने जाणाऱ्या प्रत्येकाला नाकाने कळतं.

आता गंमत बघा. २००० च्या नियमांनी सांगितलं की कारखान्यांचा घातक कचरा आमच्यात धरायचा नाही. पुढे २००८ मध्ये घातक कचऱ्याचे नियम नव्याने आले, त्यांनी सांगितलं की नगरपालिकेचा घनकचरा आमच्यात धरायचा नाही. दोन्ही आपापल्या जागी बरोबरच. पण घरातली पाऱ्याची ट्यूब, मुदत संपलेली औषधं, ढेकणाच्या औषधाची बाटली, रंगाचा अर्धा डबा, इन्सुलिनची सुई यांचं काय? एका नियमाने यांना घातक म्हणून ओळख दिली नाही आणि दुसऱ्याने दारातच अडवलं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो हा.

*कारखान्याच्या पिंपाची वाट*

कारखान्याच्या कचऱ्याचं पुढे काय झालं ते सांगितलंच पाहिजे, कारण तिथे बऱ्यापैकी काम झालं. मेनन समितीनंतर राज्यात सामाईक विल्हेवाट केंद्रं उभी राहिली. महाराष्ट्रात चार नावं प्रामुख्याने घेतली जातात. तळोजा, ठाणे-बेलापूर पट्टा, पुण्याजवळचं रांजणगाव आणि नागपूरजवळचं बुटीबोरी. चारही औद्योगिक पट्ट्यांतली.

तिथे दोन मुख्य कामं चालतात. जे जाळायचं ते खूप उच्च तापमानाच्या भट्टीत, धुरावर प्रक्रिया करून. जे पुरायचं ते साध्या खड्ड्यात नाही. तळाला दाबलेली माती आणि जाड प्लॅस्टिकचे थर, झिरपणारं पाणी गोळा करायची नळी, बाजूला भूजल तपासायच्या विहिरी. आणि कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक खेपेबरोबर वेगवेगळ्या रंगांच्या प्रतींचा कागद फिरतो. पाठवणारा, वाहणारा, घेणारा, मंडळ, प्रत्येकाकडे एकेक प्रत. पिंप कुठून निघालं, कुठे पोचलं हे निदान कागदावर तरी सापडतं. (कागद चुकवून रात्री नाल्यात टँकर ओतणारेही आहेत, पण मग तो गुन्हा ठरतो आणि पकडता येतो.)

आता आपल्या घराकडे या. तोच पारा, तेच शिसं, तेच कीटकनाशक. पण घंटागाडीत पडलं की ना कागद, ना रंग, ना प्रत. डेपोवर गेलं, पेटवलं गेलं, किंवा पावसात खाली झिरपलं. आमच्या डेपोच्या उताराला दोन विहिरी आहेत. त्यांचं पाणी कुणी कधी जड धातूंसाठी तपासलं का, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा "बघून सांगतो" हेच उत्तर मिळालं.

*३३७ टन आणि चाळीस वर्षं*

मधे एक मोठी गोष्ट सांगतो, कारण नियोजन नसलं की काय होतं ते तिच्यातून दिसतं. भोपाळच्या बंद कारखान्यात विषारी कचरा पडून राहिला. वायू सुटला त्या रात्रीनंतर वीस वर्षं गेली, पंचवीस गेली, कचरा तिथेच. कोर्टाने जाळायला सांगितलं. आधी गुजरातमधल्या अंकलेश्वरला न्यायचं ठरलं, गुजरातने नकार दिला. २०११ मध्ये तो आपल्या नागपूरजवळ बोरखेडीला डीआरडीओच्या भट्टीत आणायचं ठरलं. विदर्भात विरोध झाला, महाराष्ट्र सरकारने नको म्हटलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि बारगळलं. मग जर्मनीला न्यायची बोलणी झाली, २०१२ मध्ये तीही फिसकटली.

शेवटी १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनर पोलीस बंदोबस्तात भोपाळहून निघाले आणि सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या पिथमपूरला पोचले. कचरा होता ३३७ टन, आणि खर्चासाठी १२६ कोटी रुपये मंजूर झाले होते. पिथमपूरला लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी अंगावर ओतून पेटवून घ्यायचा प्रयत्न केला. पुढे कोर्टाच्या देखरेखीखाली चाचण्या झाल्या आणि जूनअखेर तो कचरा जाळून संपला. उरलेली राख कुठे पुरायची यावर पुन्हा वाद सुरू झाला.

यात पिथमपूरच्या लोकांना वेडं ठरवायची घाई करू नका. बोरखेडीलाही लोकांनी हेच म्हटलं होतं. तुमच्या माझ्या गावात असे कंटेनर आले असते तर आपणही हेच केलं असतं. प्रश्न असा की चाळीस वर्षांत कुणी आधी जागा ठरवून, लोकांना विश्वासात घेऊन, तपासणीचे आकडे त्यांच्या हातात देऊन काम केलं का? ते झालं नाही, म्हणून कचरा आधी पोचला आणि समजावणं मागून आलं. जागा आणि विश्वास आधी ठरवायचा असतो. नियोजन नियोजन म्हणतात ते हेच.

*चार दिवसांच्या अंतराने*

आता आपल्या मूळ विषयाकडे. एप्रिल २०१६ मध्ये केंद्राने नियमांची मोठी फेररचना केली. ४ एप्रिलला घातक कचऱ्याचे नवे नियम, ८ एप्रिलला घनकचऱ्याचे नवे नियम. चार दिवसांच्या अंतराने. आणि त्या दुसऱ्या नियमांत आपल्या उपाशी पाहुण्याला पहिल्यांदा नाव मिळालं, 'घरगुती घातक कचरा'. व्याख्येत यादीच दिली. रंगाचे डबे, कीटकनाशकांचे कॅन, सीएफएल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेले सेल, सुया, सिरिंज.

आणि नगरपालिकेवर काम टाकलं. शब्द फिरवून सांगतो, अर्थ असा की प्रत्येक २० चौरस किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक संकलन केंद्र काढा, तिथे हा कचरा घ्यायची वेळ जाहीर करा, आणि तिथून तो घातक कचऱ्याच्या विल्हेवाट केंद्राकडे सुरक्षित पोचवा.

आमच्या नगरपरिषदेची हद्द २० चौरस किलोमीटरपेक्षा कमी. म्हणजे एक केंद्र. एक खोली. दहा वर्षांत एक खोली.

ती खोली झाली नाही. मी मागचे काही वर्षांचे सभांचे ठराव वाचले. कमानी आहेत, सेल्फी पॉइंट आहेत, 'स्वच्छ सर्वेक्षण'साठी भिंती रंगवायचा खर्च आहे. ही खोली कुठेच नाही. खोटं कशाला बोलू, मी सुद्धा या दहा वर्षांत त्यावर एकही बातमी लिहिली नव्हती. भिंती रंगवल्याच्या बातम्या मात्र लिहिल्या, फोटोसकट.

या खोलीची खरी गरज कधी लागली ते आठवा. मार्च २०२०. करोना. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सूचना काढल्या की घरात विलगीकरणात असलेल्यांचा कचरा पिवळ्या पिशवीत बांधून नेमलेल्या माणसाकडे द्या, किंवा नगरपालिकेच्या घरगुती घातक कचरा संकलन केंद्रात जमा करा. दिल्लीत बसून लिहिणाऱ्याने धरून चाललं होतं की केंद्र आहेच. आमच्याकडे पिवळ्या पिशव्या सुद्धा आठवडाभर नव्हत्या. ट्रॉलीत सगळं एकत्र, आणि त्या ट्रॉलीवर उभी असलेली माणसं हीच, आजच्या गाडीवर आहेत तीच.

*आराखडा आहे, बरं का*

कुणी म्हणेल, नियोजनच नाही. तसं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आदेश दिला आणि प्रत्येक जिल्ह्याने 'जिल्हा पर्यावरण आराखडा' करायचं ठरलं. केंद्रीय मंडळाने नमुना दिला. त्यात घनकचरा, प्लॅस्टिक, राडारोडा, जैववैद्यकीय, ई-कचरा आणि घातक कचरा अशी स्वतंत्र प्रकरणं आहेत. सगळ्या नगरपालिकांची माहिती एकेका रकान्यात भरायची.

आमच्या जिल्ह्याचा आराखडा मी वाचला. कारखान्यांचं प्रकरण बरंच नीट आहे. घरगुती घातक कचऱ्याच्या रकान्यात आमच्या गावापुढे लिहिलंय 'कार्यवाही सुरू'. बाकीच्या गावांपुढेही साधारण तेच. मी नगरपरिषदेत जाऊन विचारलं, कार्यवाही म्हणजे नक्की काय सुरू आहे? तिथल्या कर्मचाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "साहेब, रकाना मोकळा ठेवता येत नाही."

आणखी एक फट दाखवतो. २०१६ चे घनकचऱ्याचे नियम मुख्यतः शहरी भागाचे. गावाबाहेर शेतात काय? आपल्याकडे कीटकनाशकाला सगळे 'औषध' म्हणतात. या औषधाच्या रिकाम्या बाटल्या बांधावर, ओढ्यात, विहिरीच्या कठड्यावर पडलेल्या असतात. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत लिहिलंय की रिकामी पॅकिंग उघड्यावर टाकू नये, पुन्हा वापरली जाऊ नये, ती फोडून वस्तीपासून लांब पुरावी. म्हणजे पन्नास वर्षांचा नियम. पण पुरायची कुठे, ते दाखवणारं कुणी नाही. त्याच बाटल्या बाजाराच्या दिवशी गावात येतात, भंगारात जातात, आणि कधी कधी धुऊन रॉकेल-तेलासाठीही वापरल्या जातात.

*दुसरी बाजू*

नगरपरिषदेची बाजूही ऐकून घेतली. ती सगळीच बहाणेबाजी नाही.

एक, माल थोडा. एका गावातून महिन्याला दोन-चार पोती निघणार. तेवढ्यासाठी गाडी शे-दोनशे किलोमीटरवरच्या केंद्राला पाठवणं परवडत नाही. दोन, माणूस नाही. आरोग्य विभागात निम्मी कामं कंत्राटावर. तीन, घातक म्हटलं की शेजारी विरोध करतात. खोली कुठल्याही प्रभागात काढा, तिथला नगरसेवक म्हणणार "आमच्याकडे नको." पिथमपूर छोट्या रूपात इथेही आहेच.

पण तिन्हीला उत्तर आहे. माल थोडा असेल तर जिल्ह्यातल्या सगळ्या नगरपरिषदांनी मिळून तिमाहीला एक गाडी ठरवायची. यासाठीच तर जिल्हा आराखडा असतो. शिवाय सगळा भार गावाचा नाही. सीएफएल आणि पाऱ्याच्या ट्यूब २०१६ पासून ई-कचऱ्याच्या नियमांत आल्या, सेल-बॅटऱ्यांचे नवे नियम २०२२ चे. दोन्हीत माल परत घ्यायची जबाबदारी उत्पादकावर आहे. कुणीतरी गोळा करून ठेवलं, तर मागायला तोंड राहतं. गोळाच केलं नाही तर मागणार काय?

राहिला प्रश्न लहान गावाला जमेल का याचा. कोकणातल्या वेंगुर्ला नगरपरिषदेने कचऱ्याचे वीसहून जास्त प्रकार वेगळे करून दाखवले. लोक सहली काढून तो डेपो बघायला जायचे. वेंगुर्ला काही मुंबई नव्हे. आणि मोठं उदाहरण हवं असेल तर इंदूर. तिथल्या घंटागाडीला घरगुती घातक कचऱ्याचा स्वतंत्र कप्पा आहे. योगायोग बघा, भोपाळचा कचरा जिथे जळला ते पिथमपूर इंदूरच्या शेजारीच आहे. एकाच भागात दोन्ही चित्रं. आधी ठरवलं तर गाडीला एक कप्पा पुरतो. नाही ठरवलं तर चाळीस वर्षांनी १२ कंटेनर आणि पोलीस लागतात.

*आता का लिहितोय*

कारणं दोन.

पहिलं, आपल्याकडे काही वर्षं प्रशासकच कारभार बघत होते. डिसेंबर २०२५ मध्ये अखेर नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. नवं सभागृह बसलं आहे, त्यातले निम्मे चेहरे नवे आहेत. "मागच्यांनी केलं नाही" हे त्यांना एकदाच म्हणता येईल.

दुसरं, घनकचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू. आता ओला-सुका दोन भाग नाहीत, चार भाग. ओला, सुका, सॅनिटरी, आणि चौथा 'विशेष काळजीचा' कचरा. म्हणजे आपल्या पाहुण्याचं दुसऱ्यांदा बारसं. आधी त्याला नावच नव्हतं, मग घरगुती घातक झाला, आता विशेष काळजीचा. नाव बदलल्याने पोट भरत नाही. बसायला जागा द्या.

म्हणून अंदाजपत्रकात चार गोष्टी मागूया. भव्य काही नाही.

१. एक खोली. सिमेंटची पक्की फरशी, हवा खेळती, कुलूप, बाहेर पाटी आणि वेळ. ट्यूबसाठी उभे खोके, सेलसाठी झाकणाचं पिंप, औषधांसाठी पेटी, रंग आणि कीटकनाशकाच्या डब्यांसाठी ट्रे. जागा नगरपरिषदेच्या मालकीच्या गोदामात निघू शकते.

२. घंटागाडीला चौथा कप्पा, आणि गाडीवरच्या माणसांना जाड हातमोजे. मोजे वाटल्याचा फोटो नको, दर तीन महिन्यांनी नवा जोड हवा.

३. स्वतंत्र लेखाशीर्ष. रक्कम छोटी असली तरी चालेल. लेखाशीर्षच नसेल तर कामाचं बिल निघत नाही हे नगरपरिषद जवळून बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

४. डेपोच्या उताराच्या दोन विहिरींची वर्षातून एकदा तपासणी, आणि अहवाल नगरपरिषदेच्या फलकावर. चांगला येवो की वाईट, लोकांना दिसू द्या. लोकांचा विश्वास तिथूनच सुरू होतो.

आणि आपल्या घरापुरतं. ट्यूब फुटली तर खिडक्या उघडा, पोरांना बाहेर काढा, केरसुणी फिरवू नका. जाड कागदाने तुकडे गोळा करा, ओल्या फडक्याने पुसा, बरणीत बंद करा. सुया प्लॅस्टिकच्या जाड बाटलीत झाकण लावून ठेवा. औषधं संडासात ओतू नका. नाव घालून वेगळं द्या, गाडीवरच्या माणसाला तोंडाने सांगा.

परवा मावशी पुन्हा भेटल्या. टाके निघालेत, अंगठा अजून नीट वाकत नाही म्हणाल्या. कामावर दुसऱ्याच दिवशी आल्या होत्या, कारण खाडा केला की कंत्राटदार पैसे कापतो. मी विचारलं, तुमच्या नावाने सभेत विषय मांडू का? म्हणाल्या, "नाव नको दादा. कप्पा मांडा."

माझ्या कपाटामागे सध्या तीन ट्यूब, एक डबा सेल आणि वडिलांच्या मुदत संपलेल्या गोळ्यांची पिशवी आहे. केंद्र निघेपर्यंत ती तिथेच राहणार. बायको रोज विचारते, हे कधी जाणार? मी तिला म्हटलंय, सभेची तारीख लागू दे.

तुमच्याकडे काय स्थिती आहे ते खाली लिहा. तुमच्या नगरपरिषदेत असं केंद्र खरंच चालू असेल तर गावाचं नाव आणि वेळ नक्की सांगा, मी स्वतः येऊन बघेन आणि त्याचीही बातमी करेन. आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला ही पोस्ट पाठवा. नुसता अंगठा दाखवून पुढे जाऊ नका.